ऑकलंडला आल्यावर बोट घेताय? 5.2 मीटर की 7, माझं मत

अरे, तू विचारलंस की मार्चमध्ये ऑकलंडला शिफ्ट झाल्यावर 5.2 मीटरची उघडी अल्युमिनियमची बोट घेऊ की 7 मीटरची केबिनवाली, तुम्ही दोघं, दोन पोरं आणि वर्षातून तीन महिने आई-बाबा. मी तर म्हणेन लहान घे, पण का ते ऐक.

इथे हौसेची बोट चालवायला लायसन लागत नाही, बोटीचं रजिस्ट्रेशनही नाही, सगळी कटकट ट्रेलरची! त्याला नंबरप्लेट, रेगो (रस्त्यावर चालवायचं रजिस्ट्रेशन), वॉरंट ऑफ फिटनेस (तपासणीचा दाखला) सगळं लागतं आणि मागे ट्रेलर असला की हायवेलाही 90 च्या वर जायचं नाही. 7 मीटरवाली इंजिन, पेट्रोल, ट्रेलर धरून सहज 2 टनांच्या वर जाते, मग ट्रेलरला ब्रेक कंपल्सरी आणि ओढायला हायलक्स-प्राडोसारखं धूड पाहिजे, म्हणजे बोट घ्यायला निघालास आणि गाडीपण बदलून आलास. शिवाय भाड्याच्या घरात ठेवणार कुठे ती?

आमचं पहिलं वर्ष, हाफ मून बेचा रॅम्प (बोट पाण्यात सोडायचा उतार), रविवार सकाळ, मागे ही लाइन. घाईत बोट पाण्यात सोडली आणि पाच मिनिटांत धाकटी म्हणते, बाबा माझी चप्पल तरंगतेय. बोटीच्या मागच्या भोकाचं बुच गाडीत कप होल्डरमध्ये! लहान बोट म्हणून मी आणि बायकोने विंचने कशीबशी परत ट्रेलरवर ओढली, मागच्या गोऱ्या आजोबांनी एक शब्द न बोलता दोरी धरली. अजून आठवलं की कान गरम होतात.

मोठीचे खरे फायदे दोन, टॉयलेट आणि लाटा. दुपारी वारा सुटला की हौराकी गल्फमध्ये, म्हणजे ऑकलंडसमोरच्या आखातात, बुटक्या पण लागोपाठ लाटा येतात, लहान बोट अशी आपटते की घरी येऊन मणके मोजावेत. म्हणून आम्ही सकाळी सातला निघतो, मोटुईहे बेटाच्या बीचवर डबा खातो, बारापर्यंत परत. 6 मीटर आणि त्याच्या आतल्या बोटीत इथे चालत्या बोटीवर सगळ्यांनी लाइफजॅकेट घालायचंच असा नियम आहे, पोरं कुरकुरतात, दोन वेळा, मग सवय होते.

आई-बाबांसाठी बोट मोठी करू नकोस. त्यांना फेरीबोटीने वायहेकी बेटावर ने, भाऊच्या धक्क्याची लाँच आठवून खूश होतात, आणि टॉयलेट आहे.

एक मात्र कडक सांगतो, बोट कुठलीही असो, पश्चिमेला मनुकाऊच्या बारवर, म्हणजे बंदराच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या पट्ट्यावर, जायचं नाही. 1863 ला ऑर्फियस नावाचं ब्रिटिश लढाऊ जहाज तिथे फुटलं, 189 माणसं गेली, तुझी-माझी काय कथा.

आणि तिकडून ऑनलाइन ॲडव्हान्स देऊ नकोस कुणाला. आलास की एक रविवार माझ्या बोटीत ये, वहिनींना बोट लागते का तेही कळेल.