पिशवीतला बटाटा: पहिल्या हंगामापुरते

गच्चीवर पिशव्यांत बटाटा लावण्याचा आपला विचार उत्तम आहे. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा. खतांची वेळापत्रके आणि वाणांची चर्चा पुढच्या वर्षी करू.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो हंगाम. रात्रीचे तापमान साधारण २० अंशांच्या खाली असले तरच बटाटे चांगले पोसतात, म्हणून मैदानी महाराष्ट्रात लागवड ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये करावी. मार्चमध्ये लावलेल्या पिशवीत पाला येतो, बटाटे मात्र फारसे धरत नाहीत, आणि नवशिक्यांची फसगत बहुधा इथेच होते.

सुमारे ४० लिटरच्या पिशवीत बेण्याचे दोन, फार तर तीन बटाटे पुरेत. जास्त लावण्याचा मोह होतो, पण मग गोट्यांएवढे बटाटे हाती येतात. बेणे मोड आलेले, शक्यतो अख्खे असावे; चिरलेच तर काप सुकू द्यावेत. तळाला छिद्रे हवीतच, कारण पाणी साचले की बेणे कुजते.

पिशवी प्रथम तिसरा हिस्साच भरावी आणि रोप वीतभर वाढले की शेंड्याची पाने उघडी ठेवून माती व कंपोस्ट घालत जावे. ही भर टाळू नका: उघडा पडलेला बटाटा उजेडाने हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते आणि तो खाण्यायोग्य राहत नाही.

साधारण ९० ते १०० दिवसांनी पाला पिवळा पडून सुकू लागला की पाणी थांबवावे आणि आठवड्याभराने पिशवी उपडी करावी. तोवर, उत्सुकता कितीही असली तरी, उकरून पाहू नये.