ठरावीक थ्रेडच चुकीची वेळ देत असतील तर सेटडिफॉल्ट शोधा

तुमच्या जावा सर्व्हरवर सिंपलडेटफॉरमॅट (तारीख-वेळ मजकुरात बदलणारा फॉरमॅटर) थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे प्रत्येक थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी प्रत्येकाला) स्वतःची प्रत देऊन ठेवलेला असूनही काही नोंदी बरोबर एक तास मागे पडतात, रीस्टार्ट केलं की थांबतात, आणि तुमचा संशय टाइमझोन ऑब्जेक्टवर आहे. अगदी हेच आम्ही भोगलंय. फॉरमॅटर थ्रेड्समध्ये वाटून वापरू नये हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात शिरत नाही.

टाइमझोनला सेटआयडी, सेटरॉऑफसेट आहेत, म्हणजे तो बदलता येतो. पण गेटडिफॉल्ट क्लोन, म्हणजे वेगळी प्रत देतो, त्यामुळे तिथून सहसा घोळ होत नाही. आमचा घोळ टाइमझोन.सेटडिफॉल्टने, म्हणजे डिफॉल्ट टाइमझोन बदलणाऱ्या कॉलने केला. रिपोर्टच्या एका विकतच्या लायब्ररीत डिफॉल्ट यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) करून काम झाल्यावर फायनलीत (शेवटी हमखास चालणाऱ्या भागात) पूर्ववत केला जायचा. दिसायला सभ्य कोड! पण डिफॉल्ट अख्ख्या जेव्हीएमचा (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेचा), म्हणजे सगळ्या थ्रेड्सचा मिळून एकच असतो. नेमक्या त्या क्षणी एखाद्या थ्रेडने पहिल्यांदा फॉरमॅटर बनवला, की त्याच्या कॅलेंडरमध्ये यूटीसी जाऊन बसतो आणि डिफॉल्ट परत आला तरी तो तसाच राहतो. लॉगमध्ये थ्रेडचं नाव छापल्यावर कळलं: पॅरिसची हिवाळ्यातली १८:०० ची नोंद १७:०० दाखवणारे थ्रेड दर वेळी तेच तीन.

त्या लायब्ररीच्या सपोर्टने तीन आठवडे आम्हाला सर्व्हरचं घड्याळ तपासायला लावलं. अहो, घड्याळ चुकलं असतं तर सगळेच थ्रेड चुकले असते ना! एकाच पत्रात हे लिहूनही उत्तर तेच. अजून राग येतो.

माझ्या मते सिंक्रोनाइझ्डची (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाची) ठिगळं लावत बसू नका. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, झोनआयडी आणि डेटटाइमफॉरमॅटर आहेत. दोन्ही अपरिवर्तनीय (एकदा बनले की न बदलणारे), बिनधास्त स्टॅटिक, म्हणजे सगळ्या थ्रेड्सना मिळून एकच ठेवा. मात्र झोनआयडी.सिस्टमडिफॉल्ट लिहिलंत तर पुन्हा त्याच खड्ड्यात, कारण तोही तोच डिफॉल्ट वाचतो. झोन नाव घेऊन द्या.

जुना कोड लगेच बदलता येत नसेल तर फॉरमॅटर बनवताच त्यावर सेटटाइमझोन करा. पॅटर्नमध्ये झोन असेल तर मात्र पार्स (मजकुरातून वेळ वाचणं) तो बदलू शकतो, तेव्हा पार्सनंतर पुन्हा लावा.

जाता जाता: गेटटाइमझोनला चुकीचं नाव दिलं तर तो गुपचूप जीएमटी देतो, झोनआयडी.ऑफ निदान एक्सेप्शन फेकतो.

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, तुमच्याकडचं मूळ कारण वेगळंही असू शकतं. पण आधी सेटडिफॉल्टवर ब्रेकपॉइंट (डीबगरमध्ये कोड थांबवणारी खूण) लावा, आणि तो लायब्ररीच्या जारमधल्या (तयार कोडच्या फाइलमधल्या) कॉललाही थांबतो, म्हणून फक्त स्वतःच्या कोडमध्ये शोधून समाधान मानू नका.