एकच दर लावला तर मधल्याचं काय होतं?

प्रत्येकाने उत्पन्नाचा सारखाच हिस्सा द्यावा, दहापट कमावणारा आपोआप दहापट कर देईल, मग यात अन्याय कुठे, असं तुम्ही विचारलं आहे. मी बरीच वर्षं लोकांची विवरणपत्रं भरून देतो. माझा कौल चढत्या दरांना, म्हणजे उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यांवर जास्त दर लावण्याला आहे, आणि तो कशामुळे ते आकडे मांडून सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. वरच्या टप्प्यात गेलं की सगळ्याच उत्पन्नावर जास्त दर बसतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं, वरचा दर फक्त वरच्या तुकड्यावर बसतो. त्यामुळे पगार वाढला आणि निव्वळ दरामुळे हातात कमी पडलं, असं होत नाही.

आता तीन माणसं घ्या. उत्पन्न 1000, 4000 आणि 20000. पहिले 500 करमुक्त, त्यापुढे 5000 पर्यंत 10 टक्के आणि त्यावर 30 टक्के. कर होतो अनुक्रमे 50, 350 आणि 4950, म्हणजे एकूण 5350. सरकारला तेवढीच रक्कम एकाच दराने उभी करायची आहे. सगळ्यात गरिबाला झळ लागू नये म्हणून करमुक्त मर्यादा 1000 करू. मग दर 24.3 टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो. पहिल्याला शून्य, तिसऱ्याला सुमारे 4620. आणि मधल्याला? सुमारे 730. त्याचा कर दुपटीहून जास्त झाला. तळाच्या गरिबाला सांभाळायचं आणि वरच्या श्रीमंताचं ओझं हलकं करायचं, तर उरलेला भार मधल्याच्याच खांद्यावर येतो. आकडे बदलून पाहा. या दोन्ही अटी पाळून एकूण रक्कम तीच ठेवली, तर भार दुसरीकडे जायला जागाच नाही.

करमुक्त मर्यादा ठेवलीच नाही तर? बल्गेरियाने 2008 मध्ये 10 टक्क्यांचा एकच दर आणला, तेव्हा ती मर्यादाही काढून टाकली. म्हणजे जेमतेम पोट भरणाऱ्याच्या पहिल्या कमाईपासून कर. उलट, मर्यादा ठेवली की तुमचा 'सारखा हिस्सा' राहतच नाही. वरच्याच उदाहरणात पहिला 0 टक्के देतो, मधला 18 आणि तिसरा 23. हा चढता करच झाला, फक्त चढ मधल्यावर येऊन आदळतो आणि वर सपाट होतो. म्हणून 'सगळ्यांना सारखं' या एका वाक्यावर हा वाद मिटत नाही.

सुटसुटीतपणाचा मुद्दाही नेहमी येतो. माझ्या कामात टप्प्यांचा हिशोब मिनिटभराचा असतो. दिवस जातात ते करपात्र उत्पन्न ठरवण्यात: कोणती वजावट बसते, कोणता खर्च धंद्याचा, भांडवली नफा कसा मोजायचा. दर एक करा नाहीतर सात, ही कटकट तशीच राहते. ती कमी करायची तर सवलती छाटा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

एकच दर आला की लोक प्रामाणिकपणे कर भरतात, याला रशियाचा दाखला देतात. तिथे 2001 मध्ये 13 टक्के दर आला आणि वसुली वाढली, हे खरं. पण त्याच काळात अर्थव्यवस्था सावरत होती आणि करवसुलीची यंत्रणाही सुधारली जात होती, त्यामुळे सगळं श्रेय दराला देता येत नाही. पुढे 2021 मध्ये तिथे 15 टक्क्यांचा वरचा टप्पा आला आणि 2025 पासून पाच टप्पे आहेत, सर्वांत वरचा 22 टक्क्यांचा. स्लोव्हाकियाने 2004 चा 19 टक्क्यांचा एकच दर 2013 मध्ये सोडला. चेक प्रजासत्ताकाने 2008 चा 15 टक्क्यांचा दर 2021 मध्ये सोडून वर 23 टक्के जोडले.

आणखी एक गोष्ट या चर्चेत सुटून जाते. वस्तूंवरचा कर गरीब आणि श्रीमंत दोघांना एकाच दराने लागतो, आणि गरिबाची जवळजवळ सगळी कमाई खर्चातच जाते. तिथला भार खाली झुकलेला असताना प्राप्तिकरात चढते दर असले, तरच दोन्ही मिळून हिशोब थोडा समतोल होतो. नुसता प्राप्तिकर वेगळा काढून 'सारखेपणा' मोजणं मला म्हणूनच पटत नाही.

तुमच्या मनातला दर आणि करमुक्त मर्यादा किती आहे ते लिहा. त्यावर तिघांचा हिशोब मी करून देतो.