अमेरिकन डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनात एवढं विशेष काय?

एका वाक्यात सांगायचं तर, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा जीवघेणा कर्करोग रोजच्या गोळीने आटोक्यात ठेवता येतो हे त्यांनी रुग्णांवर सिद्ध केलं.

या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना ‘वाढत राहा’ असा हुकूम देत सुटतं. बटण दाबलेलंच अडकून बसावं, तसं. इमॅटिनिब, म्हणजे त्या गोळीतलं औषध, या प्रथिनाच्या नेमक्या त्या खाचेत जाऊन बसतं जिथे एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बसायला हवं, आणि हुकूम थांबतो.

२००१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध मिळाला तर जरूर वाचा. इंटरफेरॉन हे तेव्हाचं नेहमीचं औषध निकामी ठरलेल्या रुग्णांपैकी ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या ५४ जणांपैकी ५३ जणांचे रक्तातले पेशींचे आकडे पूर्ववत झाले. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत असे आकडे दिसत नाहीत हो! (ती चाचणी खरं तर सुरक्षितता तपासायला असते.) त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मंजुरीही मिळाली.

मात्र सगळ्या ल्युकेमियांना ही गोळी चालत नाही. शिवाय काहींमध्ये प्रथिनाचा आकार बदलतो, औषध बसेनासं होतं. तेव्हा डॉक्टर डॅसॅटिनिब, निलोटिनिबसारख्या पुढच्या पिढीच्या औषधांकडे वळतात.