स्मोकरसाठी कोळसा घेताना

स्मोकर म्हणजे मंद आचेवर, धुरात मांस शिजवायची भट्टी. तिच्यासाठी पहिल्याच खेपेला लाकडी कोळशाची महागडी पिशवी उचलू नकोस. तो जोरात तापतो, राखही कमी पडते. पण तुकडे कुठे मुठीएवढे, कुठे नुसता भुगा, त्यामुळे आच वरखाली होते. पोर्क शोल्डरला (डुकराच्या खांद्याचं मांस) ११० ते १२० अंश सेल्सिअस तापमान आठ-दहा तास टिकवायचंय, तेव्हा एकसारख्या ब्रिकेट्सच (कोळशाचा भुगा दाबून केलेल्या वड्या) बऱ्या. राख जास्त होते, खालची हवेची झडप मधूनमधून मोकळी कर. काडी लावताच भडकणाऱ्या, इंधन मुरवलेल्या ब्रिकेट्स मात्र नकोच. मी एकदा आणल्या, मटणाला रॉकेलसारखा वास! त्यापेक्षा चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायचं धातूचं नळकांडं) दहा-पंधरा ब्रिकेट्स लाल कर आणि न पेटलेल्या ढिगावर ओत. आग सावकाश पसरते. आणि धुराची चव? ती मुख्यतः हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाच्या दोन-तीन तुकड्यांची.