आधी फ्लॅट की आधी उपचार?

प्रश्न: वय 33, नाशिक. मला एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे. डाव्या ओव्हरीत 4 सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट (याच आजारातली, जुन्या रक्ताने भरलेली गाठ), एएमएच (बीजसाठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 1.2. एक डॉक्टर म्हणतात आधी लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीने शस्त्रक्रिया) करून सिस्ट काढा, दुसरे म्हणतात आधी एम्ब्रियो फ्रीझ करा, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेले गर्भ गोठवून ठेवा. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरने तीन सायकलचं, म्हणजे उपचाराच्या तीन फेऱ्यांचं, 4 लाख 80 हजारांचं पॅकेज सांगितलंय, हप्त्यांवर. आमची 9 लाखांची एफडी फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी आहे, दसऱ्याला टोकन द्यायचंय. महिन्याचा खर्च 42 हजार, शिल्लक 35 हजार. घरचे म्हणतात, आधी घर होऊ दे.

उत्तर: टोकन आत्ता देऊ नका. फ्लॅट दोन वर्षांनीही मिळेल, फार तर थोडा महाग. ओव्हरीतला बीजसाठा मात्र वयाबरोबर कमीच होत जातो आणि तुमचा आताच बेताचा आहे.

शस्त्रक्रिया की फ्रीझिंग, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण पैसे कोणत्या क्रमाने लागणार हे त्यावरच अवलंबून आहे, म्हणून दोघांनाही एक प्रश्न थेट विचारा: सिस्ट काढल्यावर माझा एएमएच आणखी खाली आला तर पुढे काय? ही शक्यता खरी आहे. केवळ आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून आधी सरसकट सिस्ट काढू नये, असं युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या ‘ईश्रे’ या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. वेदना असह्य असतील तर गोष्ट वेगळी. पाळीत चार दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या बाईला ‘मूल झालं की बरं होईल’ म्हणून थांबवणं मला मान्य नाही.

तुमच्या पत्रात तुमच्या सगळ्या तपासण्या आहेत, मिस्टरांची एकही नाही. वीर्य तपासणी या सगळ्यात सर्वांत स्वस्त आहे. लाखोंचा निर्णय घेण्याआधी ती याच आठवड्यात करून घ्या.

आता हिशेब. सहा महिन्यांचा खर्च म्हणून अडीच लाख बाजूला काढा, त्याला हात लावायचा नाही. उरले साडेसहा. सगळं धरून एका सायकलला तीन लाख गृहीत धरा, म्हणजे दोन सायकल बसतात. दरमहा 35 हजार पडत राहिले तर ते सहा लाख साधारण दीड वर्षात पुन्हा उभे राहतात. म्हणजे फ्लॅट दीडएक वर्ष पुढे जाईल, इतकंच. घरच्यांना हा आकडाच कागदावर दाखवा.

पॅकेज घेऊ नका. सायकलला 1 लाख 60 हजार हे स्वस्त वाटतं, पण त्यात काय धरलेलं नाही ते विचारा: इंजेक्शनं, इक्सी (एकेका बीजात शुक्राणू सुईने सोडणं), भूल, एम्ब्रियो गोठवणं, दर वर्षीचं साठवणुकीचं भाडं, नंतरचं ट्रान्स्फर (एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं). एएमएच कमी असताना इंजेक्शनांचा डोस बहुधा वाढतो, आणि बिल तिथेच फुगतं. प्रतिसाद न मिळाल्याने सायकल मधेच थांबवावी लागली, किंवा पहिल्याच सायकलमध्ये दिवस राहिले, तर उरलेल्या पैशांचं काय, हे लेखी घ्या. पैसे एकेका सायकलचेच भरा. दोन सायकलनंतर थांबून, दोघांनी बसून पुढचं ठरवायचं, हेही आजच बोलून घ्या. त्या वेळी मन फार हळवं असतं आणि माणूस सोनं मोडायला तयार होतो.

विमा: वंध्यत्वावरचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. सिस्टची शस्त्रक्रिया मात्र कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बऱ्याचदा बसते. प्री-ऑथच्या (विमा कंपनीच्या आगाऊ मंजुरीच्या) फॉर्मवर कारण काय लिहिलं जातं ते नजरेखालून घाला. तुम्हाला सिस्ट आहे, वेदना असतील तर त्याही. तेच खरं कारण असताना घाईत फक्त ‘इन्फर्टिलिटी’ लिहिलं गेलं तर क्लेम अडकतो. नोकरी सोडायचा विचार मनात असेल तर आधी त्याच विमा कंपनीकडे ग्रुप विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची (मायग्रेशनची) चौकशी करा. बाहेर नवी पॉलिसी घ्यायची तर आजार लपवू नका. आधीपासूनच्या आजारावर क्लेम मिळण्यासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त 36 महिने आहे.

एफडी 9 लाखांची एकच असेल तर बँकेत आधी विचारा, अर्धवट मोडता येते का. नसेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. त्याचं व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतं, सेंटरच्या हप्त्यांपेक्षा बहुधा बरंच कमी.