जुन्या कपड्यांपासून सात वर्षांच्या मुलासोबत घरी काय शिवता येईल? मशीन नाही. शाळेत ‘टाकाऊपासून टिकाऊ’ स्पर्धा आहे, त्यामुळे वस्तू जरा नीटनेटकी दिसायला हवी.

वडिलांच्या जुन्या पॅन्टचा एक पाय कापून घ्या, एक तोंड शिवा, आत कातरण भरा, दुसरं तोंड शिवा. लोड झाला. चार पाय लावलेत की जनावर झालं. सात वर्षांच्या मुलाला एवढं पुष्कळ आहे. मशीन नाही हे तर फारच बरं.

उत्तर खरं इथेच संपायचं. पण ‘जरा नीटनेटकी दिसायला हवी’ हे वाचलं आणि हातातला ब्लाऊज बाजूला ठेवून लिहायला बसले.

मी इचलकरंजीची. घरी ब्लाऊज शिवते, 22 वर्षं झाली. आमच्या गावात पहिला यंत्रमाग 1904 साली बसला, तेव्हापासून इथे कापडाला तोटा नाही. गल्लीतली मागांची खडखड थांबली तर माणसं झोपेतून जागी होतात. माझ्या मशीनखाली कातरणाचं पोतं कायम भरलेलं असतं. अशा गावातल्या शाळेतून 2018 च्या जानेवारीत लेकीच्या वहीत चिठ्ठी आली. ‘टाकाऊपासून टिकाऊ’साठी साहित्य: थर्माकोल शीट एक, ग्लिटर पेपर चार रंगांत, फोम शीट, आइस्क्रीमच्या काड्यांचं एक पाकीट, असल्यास ग्लू गन. यातलं टाकाऊ कुठलं, ते मी दोनदा वाचून शोधलं. ज्या काडीवरचं आइस्क्रीम कुणी खाल्लंच नाही ती टाकाऊ कशी हो? (पुढे मार्चमध्ये प्लास्टिकबंदी आली आणि गणपतीच्या मखरालाही थर्माकोल चालेना. तेव्हा मला जरा आसुरी आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.)

लेक तिसरीत होती. चिठ्ठी बाजूला ठेवून म्हणाली, मी हत्ती करणार. ह्यांची एक राखाडी पॅन्ट होती. हे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, त्यामुळे गुडघ्यावर मागाच्या तेलाचे डाग, धुऊन न जाणारे. एका पायाचं धड झालं. दुसऱ्या पायातून चार तुकडे कापून त्यांच्या सुरळ्या केल्या, ते हत्तीचे पाय. मागचे दोन खिसे उसवून कान लावले. सोंडेला तिचाच बालवाडीतला टाय, शेपटीला परकराची नाडी. यातलं मी काहीही सुचवलं नव्हतं. मी फक्त एक गोष्ट शिकवली, उलटी टीप. तिला धावदोरा येत होता, पण ज्यात काही भरायचं आहे त्याला धावदोरा चालत नाही. भरण दाबलं की टाके फाकतात आणि फटीतून चिंध्या डोकावतात. उलट्या टिपेत सुई दर वेळी अर्धं पाऊल मागे येते, शिवण घट्ट बसते. हे तुमच्या मुलालाही आधी शिकवा.

तीन संध्याकाळी ती मशीनच्या पायाशी बसून शिवत होती. टाके ज्वारीच्या दाण्याएवढे. पाय कापताना माप घेतलं नव्हतं, म्हणून एक मागचा पाय दोन बोटं आखूड झाला. हत्ती उभा केला की मागच्या बाजूनं कलायचा. मी म्हटलं, लंगडतोय की गं. ती म्हणाली, लंगडत नाही, तो बसायच्या बेतात आहे.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं.

रात्री थोरल्या जाऊबाई आल्या. एकाच वाड्यात राहतो आम्ही, मधे एक दार. त्यांच्या मुलाची पवनचक्की घेऊन आल्या होत्या, दाखवायला. पांढरंशुभ्र थर्माकोल, कडेनं सोनेरी टिकल्या, पाती फिरत होती. स्टेशनरीच्या दुकानातून सगळं सुटं आणलेलं, घरी नुसतं चिकटवलं, तेही जाऊबाईंनी. मुलगा तोवर झोपला होता. हत्तीकडे बघून म्हणाल्या, “अगं, तू शिवणारी बाई, आणि तुझ्या पोरीचा हत्ती लंगडा? तिथं चार आया बघणार. उद्या ब्लाऊज कोण टाकेल तुझ्याकडे?”

लागलं ते. पोरगी झोपल्यावर साडेअकराला मी दिवा लावला आणि आखूड पाय उसवला. नवा कापून लावला, मशीनवर. मग बाकीच्या तीन पायांचे टाके त्याच्यापुढे फारच बावळट दिसायला लागले. मग कान. मग पोटाची शिवण. एक पाय म्हणता म्हणता सगळा हत्ती उसवून मी पुन्हा शिवला. रात्री दोनला तो चारी पायांवर ताठ उभा राहिला. दुकानातल्यासारखा दिसत होता आणि मला त्याचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवते.

सकाळी तिनं तो उचलला, उलटा केला, पोटावरच्या शिवणीवरून बोट फिरवलं. “हा माझा नाही.” मी म्हटलं, अगं, एक पाय फक्त नीट केलाय. “माझे टाके मोठे होते.” एवढंच बोलली आणि हत्ती मशीनवर ठेवून शाळेत गेली, हात हलवत. वहीत ‘साहित्य आणले नाही’ असा शेरा आला. पवनचक्कीला पहिला नंबर.

आता ती अकरावीत आहे. ह्या सगळ्या वर्षांत जाऊबाईंनी तो विषय सोडलेला नाही. घरात लग्न असो, बारसं असो, कुठे शिवणाचा विषय निघाला की सुरू: “हिची पोरगी भारी हट्टी. आईनं एवढंसं नीट करून दिलं तर काय बिघडलं?” मला तिथे चारचौघांत कधी धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देते. बिघडलं ते हे, की पोरीनं तीन संध्याकाळी काढून जे केलं ते मी एका रात्रीत पुसलं, आणि पुसताना मी तिला मदत करत नव्हते, माझ्या गिऱ्हाइकांना सांभाळत होते. आणि नीटनेटकेपणाचा एवढाच सोस असेल तर सासूबाईंच्या हातच्या वाकळेचे टाके बघावेत. एक ओळ सरळ नाही. थंडीत जाऊबाई तीच पांघरून झोपतात, तिला कधी नंबर दिलेला ऐकला नाही.

शाळांना देखणी वस्तू हवी असेल तर त्यांनी आयांची वेगळी स्पर्धा ठेवावी. मी भाग घेईन आणि पहिली येईन.

ह्यांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात तुम्ही दोघी भांडता ते कापडावरून, कामावरून नाही. त्यांनी मोबाइलवर पुण्याच्या अरविंद गुप्तांची खेळणी दाखवली होती. हे गृहस्थ आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात मुलांसोबत टाकाऊतून खेळणी करत, 2018 सालीच त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्यातून त्रिकोण, चौकोन, घर. त्यात चिकटवायचं काही नसतं, त्यामुळे चुकलं तर काढून परत जोडता येतं. शिवणाचंही तसंच आहे, उसवता येतं. ग्लू गननं चिकटवलेलं काढायला गेलात तर फाटतं. माझा ग्लू गनवर राग आहे तो मुख्यतः म्हणून, पोळतं ते वेगळंच.

बरं, तुमचा प्रश्न. हातशिलाईनं, मुलाला जमेल असं.

कापड सुती आणि वापरून मऊ पडलेलं घ्या. पहिल्या दिवशी जुना पंचा उत्तम, वीण सैल असते, सुई अडत नाही. टेरिकॉट देऊ नका, घसरतं आणि कडा सुटत जातात. टी-शर्टचं होजियरी ताणलं जातं, मोठ्या माणसांनाही सरळ शिवत नाही. मोजा मात्र चालतो, कारण त्याला फक्त भरून तोंड बांधायचं असतं. जीन्सचा खिसा पाठीमागच्या कापडासकट कापून घेतलात तर शिवायला काही उरतच नाही, खिळ्याला अडकवला की पेनं-पट्ट्या ठेवायला होतो. शर्टाची पुढची बटणपट्टी मधोमध तशीच ठेवून चारही बाजू बंद केल्या की उशीचा अभ्रा, काजं करायची कटकट नाही. मोडक्या छत्रीचं कापड टाकू नका, पाऊस त्यातून शिरत नाही, वह्यांसाठी पिशवी होते. सुती साडीचा काठ बंद आणि नाडीसाठी, त्याला एका बाजूनं कड असते, तेवढी दुमडायला नको.

सुई लोकरीची द्या, मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची. दोरा दुपदरी. शिवणीबाहेर अर्धा इंच माया सोडायला सांगा, मुलं अगदी कडेवरून शिवतात आणि भरताना सगळं फाटतं. कापताना मात्र तुम्ही बसा. जीन्सला मोठी कात्री लागते आणि ती मुलाच्या हाताला पेलत नाही. म्हणजे हात लावूच नका असं मी वर म्हणतेय, पण कात्रीला लावा.

कपडे मिळवण्याचं काय, तर ते घरातच असतात, फक्त बोहारणीच्या आधी पोचावं लागतं. आमच्या जाऊबाई वर्षाचे कपडे साठवून स्टीलचा एक डबा घेतात आणि मला म्हणतात, तुझ्या चिंध्यांना कोण चमचाही देणार नाही. बरोबर आहे, देणार नाही.

त्या हत्तीचं पुढे काय झालं ते राहिलं. मे महिन्याच्या सुटीत एक दिवस मी बाजारातून आले तर लेक ओट्यावर बसून माझी टीप उसवत होती. मशीनची बारीक टीप उसवणं म्हणजे काय ते शिवणाऱ्यांनाच कळेल, एक एक टाका उचलून तोडावा लागतो. तिला आठवडा लागला. मग तिनं तो हातानं परत शिवला, ज्वारीच्या दाण्याएवढे टाके. नवा पायही कापून दोन बोटं आखूड केला. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. हत्ती आजही माझ्या मशीनशेजारी आहे, बसायच्या बेतात.

शेवटी दोन सूचना, ज्या खरं तर आधी द्यायला हव्या होत्या. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर डोळ्यांना बटणं लावू नका, ओढून तोंडात घालतात. काळ्या दोऱ्यानं चार उभे टाके घातले तरी डोळे होतात. आणि मुलाला सुया मोजून द्या, मोजून परत घ्या, जवळ एक लोहचुंबक ठेवा. मी त्या मे महिन्यात लेकीला पाच दिल्या होत्या, चारच परत आल्या. लोहचुंबक फिरवलं की हत्तीच्या पोटाशी, डाव्या बाजूला, ते हलकेच ओढलं जातं. ती सुई काढायची तर पोट उसवावं लागेल, आणि ते मी करणार नाही. म्हणून आमच्याकडे आलेल्या लहान मुलांना हत्ती लांबूनच दाखवला जातो.